मुलाला विचारलंत का?

जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून आलेल्या शिक्षक-संशोधक मित्रहो, वर्षभराच्या शैक्षणिक संशोधनाचा आढावा परिषदेच्या अध्यक्षांनी घ्यावा अशी प्रथा आहे. तो स्मरणिकेत छापला आहे, जरूर वाचावा. मला आज एकाच विषयावर बोलायचं आहे आणि ते बरीच वर्षं राहून गेलं आहे.

आपल्या प्रबंधांच्या परिशिष्टात मुख्याध्यापकांचं पत्र असतं. शाळेचा गोल शिक्का, खाली सही आणि मजकूर : 'इयत्ता चौथीचे विद्यार्थी उपलब्ध करून देण्यात येत आहेत.' उपलब्ध करून द्यायला मुलं म्हणजे काय सतरंज्या आहेत?

अशाच परस्पर सह्यांची एक गोष्ट : २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस मुलींना देण्याचा प्रकल्प झाला. वसतिगृहातल्या कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर अधीक्षकांच्याच सह्या निघाल्या. २०१०मध्ये तो थांबवावा लागला, २०१३मध्ये संसदीय समितीने ताशेरे ओढले. लस टोचणं वेगळं, प्रश्नावली भरून घेणं वेगळं, असं सहकारी सांगतात. धोका वेगळा, मान्य. पण मुलांच्या वतीने 'हो' म्हणण्याचा अधिकार सही करणाऱ्याला दोन्हीकडे नाही.

आपल्या जिल्ह्यात तर पेच आणखी अवघड. दसरा-दिवाळी झाली की मंठा, परतूर, अंबड, घनसावंगीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबाप फडात, लेकरू आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. आपली माहिती गोळा करण्याची घाई नेमकी डिसेंबर-जानेवारीतली. मग आजीचा अंगठा घेऊन काम भागवतात. टोळीत कुणाजवळ तरी फोन असतो, रात्री जेवणं झाल्यावर लागतो. आईशी बोलता येतं. मी बोलत आले आहे.

वैद्यकीय संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत : पालकांच्या संमतीबरोबर सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. शिक्षणशास्त्रात आपण तेवढंही बंधन मनावर घेतलेलं नाही.

'मुलांना काय कळतं?' हा नेहमीचा आक्षेप. घनसावंगी तालुक्यातल्या एका शाळेत माझ्या सहायिकेने तिसरीतल्या मुलाला विचारलं, "माहिती देशील ना?" "हाव, मॅडम." मी विचारलं, "तुझं दप्तर मी घरी घेऊन जाऊ?" "हाव, मॅडम." वर्गात मोठ्यांना हो म्हणायचीच सवय आपण लावतो, आणि त्याच होकाराला संमती म्हणतो! तेव्हापासून मी मुलाला वर्गाबाहेर, गुरुजी नजरेआड असतील तिथे बसवते आणि रेकॉर्डर त्याच्याच हातात देते. कुठलं बटण दाबलं की बंद होतं ते दाखवते, दोन-चारदा करून बघू देते. तिसरीतल्या त्याच मुलाने मग फडावरची कोपी, पाचट, पहाटेची थंडी, सगळं खुशाल सांगितलं. बापाने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा विषय निघाला आणि त्याने बटण दाबलं. त्यानंतरही तो बराच वेळ बोलत राहिला. "हेच तर आपल्याला हवं होतं, आठवून लिहून काढू," सहायिका म्हणाली. मी लिहू दिलं नाही. बटण दाबल्यानंतरचं बोलणं त्याचं होतं, आपलं नव्हतं. कुठे थांबायचं हे त्या लेकराला आमच्या प्रश्नावलीपेक्षा नीट कळत होतं.

मात्र 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन मुलाला देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं, तर २०१२च्या पोक्सो कायद्याने ते कळवावंच लागतं. हे मुलाला आधीच सांगायला हवं.

सोप्या मराठीत, मुलाला वाचून दाखवता येईल असं एक पत्रक आपण तयार करू. निष्कर्षही गावात जाऊन सांगायचे आहेत, तेही टोळ्या परतल्यावर, आईबापांसमोर. त्यासाठीच्या समितीवर कोण असेल ते दुपारच्या सत्रात बघू. पण निव्वळ मुख्याध्यापकांच्या पत्रावर भागवलेला एकही निबंध पुढच्या परिषदेत वाचला जाऊ नये, असा ठराव मी आत्ताच मांडते. अनुमोदन कोण देतंय?