पनवेलची खाडी आणि ताटातील मासा



गाढी आणि कासाडी या नद्यांचे गोडे पाणी जेथे भरतीच्या खाऱ्या पाण्याला मिळते, त्या खाडीच्या परिसरात पनवेल वसले आहे. येथील आगरी व कोळी कुटुंबांत भात आणि मासळी यांची जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बोय, निवट्या, कोळंबी, चिंबोरी आणि जिताडा ही खाडीची देणगी; बोंबील, मांदेली, बांगडा व पापलेट ही समुद्राची.

मासळीची खरेदी ही डोळ्यांनी व बोटांनी करावयाची परीक्षा आहे. ताज्या माशाचे डोळे फुगीर व स्वच्छ असतात, कल्ले लालभडक असतात, आणि बोटाने दाबलेले मांस लगेच पूर्ववत होते. कल्ले तपकिरी झालेले, पोट फुटलेले किंवा उग्र दर्प येणारा मासा स्वस्त मिळाला, तरी महागच पडतो. चिंबोरी जिवंत आणि आकाराच्या मानाने जड असावी. बांगड्याच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. तो उन्हात वा उष्ण हवेत पडून राहिल्यास त्यात हिस्टामिन हे अपायकारक द्रव्य तयार होते आणि शिजविल्यानेही ते नाहीसे होत नाही. म्हणून बर्फ ही चैन नसून आरोग्याची गरज आहे.

घरी आणलेला मासा प्रथम खवले, कल्ले व आतडी काढून स्वच्छ करावा आणि वाहत्या पाण्यात धुवावा. कापलेले तुकडे पाण्यात भिजत ठेवू नयेत. चव निघून जाते. मीठ, हळद व कोकमाचे आगळ लावून ते थोडा वेळ ठेवावेत. लसूण, मिरची व कोथिंबिरीचे वाटण आणि चिंचेचा कोळ घालून केलेल्या कालवणात मासा अगदी शेवटी सोडावा. काही उकळ्यांतच तो शिजतो. तळावयाच्या तुकड्यांना तांदळाचे पीठ पुरेसे होते.

परंतु ताटापर्यंत मासा येण्यासाठी तो आधी पाण्यात वाढला पाहिजे. पहिल्या पावसात ओढ्यांतून व शेतांतून वर चढणाऱ्या माशांना या भागात ‘वलगणीचे मासे’ म्हणतात. त्यांच्या पोटात अंडी असतात. त्या वेळची एक पाटी मासळी म्हणजे पुढील वर्षाचे बियाणेच होय. जिताड्याची पिले खाडीतून आणून गावतळ्यात वाढविण्याची रीत रायगडात जुनी आहे. पण जिताडा तळ्याच्या गोड्या पाण्यात अंडी घालीत नाही. खाडी आटली किंवा नासली, तर तळेही रिकामे राहील. तळोज्याच्या औद्योगिक सांडपाण्यामुळे कासाडीचे जे प्रदूषण झाले, त्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानी यावे. शिंपल्या व कालवे पाणी गाळून जगतात. म्हणून ती कोणत्या पाण्यातून आली, हे विचारूनच घ्यावीत.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. पावसाळ्यात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, ती माशांच्या विणीसाठीही. २०२३ मध्ये शासनाने ५४ जातींसाठी किमान आकारमान ठरविले आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. नियम समुद्रावर जितका पाळावयाचा, तितकाच तो बाजारातही पाळावयाचा आहे. कारण लहान पापलेटला गिऱ्हाईक नसेल, तर तो जाळ्यात धरण्याचा मोहही ओसरेल.

बंदीच्या दिवसांत सुके बोंबील, सुकट व जवळा या पूर्वापार साठवणीवर घर चालते. ती साठवण करणाऱ्या व मासळी विकणाऱ्या भगिनींना बाजारात ओटा, पाणी आणि बर्फ मिळाला, तर माल वाया जाणार नाही व गिऱ्हाइकालाही चोख मासा मिळेल. हे काम स्थानिक संस्थांच्या हातचे आहे. शिक्षकांनी मुलांना वलगणीचा अर्थ सांगावा, पंचायत सदस्यांनी ओढे व तळी जपावीत, आणि गृहिणीने लहान मासा परत करावा. खाडी सर्वांची आहे. तिचे राखणही सर्वांनी मिळूनच करावयाचे आहे.