‘पार्क’मध्येही घरंगळणारी मोटारहोम

अमेरिकेत १९७३ ते १९७८ या काळात बनलेली जीएमसी मोटारहोम हौशी मंडळी आजही जिवापाड जपतात. एवढी अवजड गाडी ‘पार्क’मध्ये टाकूनही उतारावर घरंगळू लागली, तर तो जिवावरचाच खेळ.

‘पार्क’मध्ये गिअरबॉक्समधली एक पोलादी खिटी दातेरी चाकात अडकते. गिअरच्या दांड्यापासून तिथवरची जोडणी सैल झाली, बुश झिजले, की काटा ‘पार्क’ दाखवतो, पण खिटी दातांत पुरती उतरतच नाही. बहुतेकदा दुखणं इथंच असतं.

आधी गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना भक्कम ठोकळे. मग जोडणी सोडवून गिअरबॉक्सवरचा लिव्हर हातानं ‘पार्क’च्या बाजूच्या शेवटच्या खाचेत न्यायचा. ठोकळ्यांत बोटभर फट ठेवून गाडी ढकलून पाहायची. हलली नाही, तर जोडणीच नीट बसवायची; गिअरबॉक्स उघडायची घाई नको. हलली, तर पुढच्या चाकांचे ड्राइव्ह शाफ्ट तपासायचे. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. एक शाफ्ट निखळला तरी डिफरन्शियलमुळे खिटीची पकड जाते. तेही धड असतील, तरच खिटी आणि स्प्रिंग पाहायला गिअरबॉक्स उघडावा.

आणि दुरुस्तीनंतरही, पार्किंग ब्रेक लावल्याशिवाय उतारावर गाडी सोडून जाऊ नका.