काचबिंदू आणि थेंबांची बाटली
(व्याख्यानाचा मजकूर)



मोतीबिंदूविषयी खानदेशात आता कोणास फारसे समजावून सांगावे लागत नाही. शिबिर भरते, शस्त्रक्रिया होते, भिंग बसते आणि गेलेली नजर परत येते. काचबिंदूचे तसे नाही. यात डोळ्याच्या मागील मज्जातंतू हळूहळू सुकत जातो. बहुतेकांना ना वेदना होते, ना लाली दिसते. प्रथम कडेचे दिसणे जाते आणि समोरचे शाबूत असल्याने रोगी गाफील राहतो. गेलेली नजर कोणत्याही औषधाने वा शस्त्रक्रियेने परत मिळत नाही. भारतात चाळिशीपुढील एक कोटीहून अधिक लोकांना हा विकार असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्यांना त्याचा पत्ताच नसतो.

उपाय एकच : डोळ्यातील दाब उतरविणे. त्यासाठी बहुतेकांना रोज, जन्मभर, थेंब घालावे लागतात. दाब एका अंकाने उतरला तरी विकार वाढण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असे दीर्घ अभ्यासांत दिसून आले आहे. टिमोलॉल, लॅटानोप्रोस्ट, ब्रिमोनिडिन ही औषधे आज सर्वत्र मिळतात. त्यांच्या किमतीची चर्चा घरोघरी होते. परंतु ते औषध बाटलीतून डोळ्यात खरोखर पोचते काय, हा प्रश्न तपासणीच्या खोलीत क्वचितच विचारला जातो.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत याची पाहणी झाली व ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. किमान सहा महिने स्वतः थेंब घालणाऱ्या ७० काचबिंदू रुग्णांना डॉक्टरांसमोर थेंब घालण्यास सांगितले. केवळ ६ जणांना ते बिनचूक जमले. ५३ जणांच्या बाटलीचे टोक डोळ्याला वा आसपासच्या त्वचेला लागले. सुमारे एकतृतीयांश रुग्णांचा थेंब डोळ्यात पडलाच नाही. हे रुग्ण निष्काळजी नव्हते. ते नेमाने औषध घेत होते. दोष असेल तर तो कोणी कधी शिकविले नाही याचा.

बाटलीही म्हाताऱ्या हातांचा विचार करून घडविलेली नसते. प्लॅस्टिक कडक असते, दाबण्यास बोटांत जोर लागतो. सांधे आखडलेल्या, कंप सुटलेल्या हातांना ते कठीण. शिवाय मान मागे टाकून, न दिसणाऱ्या टोकाचा नेम साधावयाचा, तोही नजर अधू असताना! नव्या बाटलीची तोटी पुष्कळदा बंद असते. झाकण पूर्ण घट्ट पिळले की आतील काट्याने तिला बारीक भोक पडते. हे ठाऊक नसल्याने कोणी सेफ्टीपिन खुपसतो, कोणी ब्लेडने टोकच छाटतो. भोक मोठे झाले की थेंब मोठा पडतो, आणि औषधात जंतू शिरण्यास वाट मिळते.

हिशेब साधा आहे. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ८० थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक घातल्यास महिन्याला ६० लागतात. दर वेळी दोन-दोन पडले तर तीच बाटली तीन आठवडेही पुरत नाही. मग कित्येक घरांत नवी बाटली येईपर्यंत उपचार थांबतो. वस्तुतः एक थेंब सामावेल एवढीच जागा डोळ्यात असते. दुसरा गालावर ओघळतो.

रीत अशी. हात धुवावेत. खुर्चीत मान टेकवून बसावे, अथवा सरळ आडवे व्हावे. खालची पापणी बोटाने ओढून खळगी करावी, बाटलीचा हात कपाळावर टेकवावा म्हणजे तो हलत नाही, वर पाहावे आणि टोक न लावता एकच थेंब सोडावा. नंतर डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा. अन्यथा औषध अश्रुनलिकेतून नाकात व घशात उतरते. टिमोलॉलच्या बाबतीत हे विशेष जपावे, कारण ते रक्तात गेले तर दमेकऱ्यास व मंद नाडी असणाऱ्यास बाधते. दुसरे औषध असल्यास पाच मिनिटांनी घालावे. ज्यांना हे मुळीच जमत नाही त्यांनी चेहरा धुऊन आडवे व्हावे, मिटलेल्या डोळ्याच्या आतील कोपऱ्यात थेंब ठेवावा व मग डोळा उघडावा. तो आपसूक आत जातो. बाटली डोळ्यावर सरळ टेकविणारी व दाबण्यास सोपी करणारी प्लॅस्टिकची साधनेही निघाली आहेत. मात्र प्रत्येक साधन प्रत्येक बाटलीस बसत नाही. सूनबाईने वा नातवाने रोज पाच मिनिटे दिली, तर त्या साधनांची गरज बहुधा पडत नाही.

वरणगाव-भुसावळचा उन्हाळा हा आणखी एक विषय. न उघडलेले लॅटानोप्रोस्ट सामान्यतः फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते. उघडल्यावर बहुतेक कंपन्या पंचवीस अंशांपर्यंत मुभा देतात. मे महिन्यात येथे पंचवीस अंश रात्रीही मिळत नाहीत. म्हणून उघडलेली बाटलीही फ्रिजच्या दारातच असावी. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. काही कंपन्यांची बाटली बाहेरही टिकते, तेव्हा वेष्टन वाचावे. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी व चार ते सहा आठवड्यांनी, वेष्टनावरील मुदतीप्रमाणे, ती टाकून द्यावी.

चौविहार पाळणाऱ्यांची अडचण वेगळी. रात्रीचा थेंब घशात कडू लागतो, म्हणून काही जण तो गाळतात. व्रताचा प्रश्न महाराजसाहेबांना विचारावा. वैद्यकाच्या बाजूने एवढेच सांगता येते की दिवसातून एकदाच घालावयाचा थेंब सूर्यास्तापूर्वी ठरावीक वेळी घालता येईल काय, हे डॉक्टरांना विचारण्यासारखे आहे. वेळ रोज तीच हवी. उपवासाच्या, अठ्ठाईच्या दिवसांत थेंब मनाने बंद करू नयेत. पाण्याविषयीही एक सावधगिरी हवी. लिटरभर पाणी एका दमात प्याल्यास काचबिंदू रुग्णाच्या डोळ्यातील दाब काही वेळ वाढतो. डॉक्टरांनी तर याचाच तपासणी म्हणून उपयोग केला आहे. सूर्यास्तापूर्वी घाईने तांब्याभर पाणी पिण्यापेक्षा तेच तासभरात थोडे थोडे घ्यावे.

शिखरजी वा पालिताणा यात्रेस जाताना दोन बाटल्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात, एक हरवली तर दुसरी असते. एकाहून अधिक औषधे असतील तर एका बाटलीला लाल दोरा आणि दुसरीला पिवळा बांधावा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत पाकिटात असू द्यावी.