उशाला धरण, घशाला कोरड : मध्य आशियाचा धडा

(सीमाभागातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी मध्य आशियाचा विषय निवडला हे कळताच एका स्नेह्यांनी मला हटकले. "अहो, आपल्या घरची सीमा अजून सुटली नाही आणि आपण किरगिझांच्या नि उझबेकांच्या सीमा मोजायला कुठे निघालात?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. ज्याच्या पायात काटा मोडला आहे त्याला दुसऱ्याच्या पायातील काट्याची वेदना चटकन कळते, हे एक कारण. दुसरे कारण असे की, तेथील काही काटे शंभर वर्षांनी का होईना, अलीकडेच निघाले आहेत. ते कसे निघाले आणि निघताना कोणाला दुखले, हे आपण समजून घेतले पाहिजे.

प्रथम त्या भूमीचे स्वरूप पाहू. कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान हे पाच देश १९९१ साली सोव्हिएत संघराज्याच्या विघटनातून स्वतंत्र झाले. पाचांपैकी एकालाही खुला समुद्र नाही. कॅस्पियनला समुद्र म्हणतात खरे, पण तो चोहोबाजूंनी जमिनीने कोंडलेला आहे. उझबेकिस्तानचे दैव तर असे की, समुद्र गाठण्यासाठी त्याला किमान दोन देशांच्या हद्दी ओलांडाव्या लागतात. मात्र निसर्गाने समुद्र नाकारला तरी संपत्ती देताना हात आखडता घेतला नाही. तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटाखालील नैसर्गिक वायूचा साठा जगात चौथ्या क्रमांकाचा मानला जातो. कझाकस्तानात तेल आहे, कोळसा आहे, आणि युरेनियमच्या उत्पादनात तर तो जगात पहिला आहे. किरगिझ आणि ताजिक यांच्या वाट्याला तेल-वायू फारसा आला नाही. पण हिमशिखरांतून उतरणाऱ्या नारिन आणि वख्श या नद्या आल्या. वख्श नदीवरील नुरेकचे धरण ३०० मीटर उंच आहे. नारिनवरील तोक्तोगुलच्या जलाशयात सुमारे १९.५ अब्ज घनमीटर पाणी मावते, म्हणजे आपल्या कोयनेच्या शिवसागराच्या सहापटीहून अधिक!

मग एवढी श्रीमंती असताना दारिद्र्य कशाचे? दारिद्र्य वाटेचे, आणि विश्वासाचे.

सोव्हिएत राजवटीत या पाचही प्रदेशांचा कारभार एकाच चावडीवरून चालत असे. १९२४ साली मॉस्कोच्या सत्तेने तेथे राष्ट्रीयत्वाच्या नावाने सीमा आखल्या. त्या सीमा त्या काळी केवळ नकाशावर होत्या. कालवे, वायुवाहिन्या आणि विजेच्या तारा यांनी त्यांची पर्वा केली नाही. ५०० किलोव्होल्टच्या तारांचे एक कडे संबंध प्रदेशाभोवती फिरविण्यात आले आणि त्याचे नियंत्रणकेंद्र ताश्कंद येथे ठेवण्यात आले. व्यवहारही सरळ होता. तोक्तोगुलने हिवाळ्यात पाणी राखून धरावे आणि उन्हाळ्यात खालच्या उझबेक व कझाक शेतांतील कापसासाठी सोडावे. त्या बदल्यात खालच्या प्रदेशांनी हिवाळ्यात किरगिझांच्या घरांना ऊब मिळावी म्हणून कोळसा आणि वायू वर पाठवावा. ही देवघेव हुकमाने चालत होती. त्यात लोकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पण चालत होती एवढे खरे.

१९९१ साली हुकूम देणारा गेला आणि नकाशावरची रेघ एका दिवसात आंतरराष्ट्रीय सीमा झाली. खालच्या देशांनी म्हटले, वायू आणि कोळसा हा आमचा माल आहे, त्याची रोख किंमत मोजा. वरच्यांनी म्हटले, मग पाणी काय फुकटचे आहे? ते साठवून राखण्याचा खर्च आमचा, त्याखाली गेलेली जमीन आमची. पैशाअभावी इंधन मिळेना, तेव्हा किरगिझांनी हिवाळ्यातच तोक्तोगुलचे पाणी सोडून वीज निर्माण करण्यास आरंभ केला. परिणाम उलटा झाला. ज्या ऋतूत खालच्या शेतकऱ्याला पाणी नको, त्या ऋतूत गोठलेल्या सिर दर्यातून लोंढे येऊ लागले. आणि ज्या ऋतूत पिके करपत होती, त्या ऋतूत कालवे कोरडे पडू लागले. १९९८ साली देवघेवीचा करार झाला. पण दरवर्षी घासाघीस, दरवर्षी रुसवे. पुढे वख्शवर रोगुनचे नवे प्रचंड धरण बांधण्याचा ताजिकांनी निश्चय केला, तेव्हा उझबेकिस्तानचे तत्कालीन अध्यक्ष करीमोव्ह यांनी २०१२ साली पाण्यावरून युद्धेही होऊ शकतील असा जाहीर इशारा दिला.

त्याआधी २००७-०८ च्या हिवाळ्यात ताजिकिस्तानात काय घडले ते ऐका. कडाक्याची थंडी पडली, नद्यांचे पाणी आटले, आणि नुरेकसारखे धरण असलेल्या देशातील माणसे अंधारात कुडकुडत बसली. आपल्याकडे म्हण आहे, 'धरण उशाला, कोरड घशाला'. ती जणू त्या लोकांकरिताच केली असावी! दुसऱ्याच वर्षी, २००९ साली, उझबेकिस्तानने सामाईक वीजजाळ्यातून अंग काढून घेतले आणि ताजिकिस्तान त्या जाळ्यापासून तुटला.

आता वाटेच्या दारिद्र्याकडे येतो. ज्याला समुद्र नाही त्याचा माल दुसऱ्याच्या अंगणातून जातो, आणि अंगणाचा मालक केव्हाही दिंडी लावून घेऊ शकतो. तुर्कमेनिस्तानचा वायू वर्षानुवर्षे मुख्यतः रशियाच्या वाहिन्यांतून बाहेर जाई. एप्रिल २००९ मध्ये त्या वाहिनीवर स्फोट झाला आणि पुरवठा थांबला. तो पुन्हा सुरू होण्यास २०१० चा जानेवारी उजाडला. दोष कोणाचा यावर दोन्ही पक्ष भांडत राहिले, परंतु एकाच गिऱ्हाइकावर आणि एकाच वाटेवर विसंबणाऱ्याची स्थिती काय होते हे जगाला दिसले. डिसेंबर २००९ मध्ये उझबेकिस्तान आणि कझाकस्तान ओलांडून चीनकडे जाणारी सुमारे १,८०० किलोमीटरची नवी वाहिनी सुरू झाली. ती तिन्ही देशांना मिळकत देते. पण एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या हातून सुटून दुसऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या हाती जाणे, याला पूर्ण स्वातंत्र्य म्हणता येईल काय?

कझाकस्तानचेही तसेच. तेंगिझ येथील तेल २००१ पासून सुमारे १,५०० किलोमीटरच्या वाहिनीने काळ्या समुद्रावरील नोव्होरोसिस्क या रशियन बंदरात जाते, आणि देशाच्या तेलनिर्यातीचा फार मोठा भाग त्या एकाच वाटेवर अवलंबून आहे. मार्च २०२२ मध्ये वादळाने त्या बंदरातील तेल भरण्याची सामग्री मोडली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये एका रशियन न्यायालयाने वाहिनी तीस दिवस बंद ठेवण्याचा हुकूम दिला, जो पुढे दंडावर निभावला. माल कझाकांचा, पण तोटी दुसऱ्याच्या हाती! नाक दाबले की तोंड उघडते, हे राजकारणातही खरे आहे. आपल्या भारतालाही या वायूची आस लागलेली आहे. तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांतून भारतात येणाऱ्या वाहिनीच्या कामाचा आरंभ डिसेंबर २०१५ मध्ये झाला. भूमिपूजनाचा नारळ फुटून एवढी वर्षे लोटली, तरी त्या वाटेने वायूचा एक कणही आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही.

सज्जनहो, येथवर मी भांडणांची कथा सांगितली. आता निसर्गाने आणि यंत्राने त्या भांडणाऱ्यांना दिलेली चपराक सांगतो. २५ जानेवारी २०२२ रोजी कझाकस्तानचा दक्षिण भाग, किरगिझस्तान आणि उझबेकिस्तान हे सारे एकाच वेळी अंधारात बुडाले. ताश्कंदच्या भुयारी रेल्वेतील गाड्या जागच्या जागी थांबल्या. तारेला राष्ट्रीयत्व नसते. एका टोकाला झटका बसला की दुसरे टोक हादरते. पुढच्याच वर्षी जानेवारीच्या थंडीत ताश्कंदमध्ये वायूचा तुटवडा झाला आणि ऑक्टोबर २०२३ पासून, एके काळी वायू विकणारा उझबेकिस्तान, कझाकस्तानमार्गे रशियाचा वायू विकत घेऊ लागला. जुन्याच वाहिनीतून वायू उलट्या दिशेने वाहू लागला. घमेंड उतरण्यास याहून अधिक काय हवे?

शहाणपण मात्र त्यापूर्वीच डोकावू लागले होते. करीमोव्ह २०१६ साली वारले. त्यांच्या मागून आलेल्या मिर्झियोयेव्ह यांनी शेजाऱ्यांशी बोलणी आरंभिली. २०१८ साली ताजिक वीज पुन्हा उझबेकिस्तानात वाहू लागली. ज्या रोगुनवरून युद्धाची भाषा झाली, त्याचे पहिले यंत्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिरले आणि युद्ध झाले नाही. जानेवारी २०२३ मध्ये किरगिझ, कझाक आणि उझबेक यांनी नारिनवर कंबर-अता येथील १,८६० मेगावॅटचा प्रकल्प तिघांनी मिळून उभारण्याचे ठरविले. वरच्या देशातील धरणात खालच्या देशाने भागीदार व्हावे, हा विचार वीस वर्षांपूर्वी वेडेपणाचा ठरला असता.

आणि आता सीमेविषयी. फरगाना खोऱ्यात सोख नावाचा एक तुकडा आहे. तो मालकीने उझबेकिस्तानचा, चोहोबाजूंनी किरगिझस्तानने वेढलेला, आणि तेथील बहुसंख्य माणसे बोलतात ताजिक! नकाशा आखणाऱ्यांनी माणसांकडे पाहिले नाही, की त्यांचे काय होते हे या एका नावात साठविलेले आहे. किरगिझ-ताजिक सीमेवर एप्रिल २०२१ मध्ये पाणी उचलण्याच्या एका केंद्रावरून ठिणगी पडली आणि गावे पेटली. सप्टेंबर २०२२ च्या चकमकींत शंभराहून अधिक माणसे मेली. इतके रक्त सांडल्यावर १३ मार्च २०२५ रोजी त्या दोन देशांनी सुमारे ९७० किलोमीटरच्या सीमेचा करार केला. शंभर वर्षांचे दुखणे एका सहीने संपले. पण त्या सहीची किंमत मेलेल्यांनी आधीच चुकती केली होती.

येथे मला एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती लपविली तर माझे व्याख्यान खोटे ठरेल. किरगिझ आणि उझबेक यांच्यातील सीमाकरारात केम्पिर-अबाद नावाच्या जलाशयाची जमीन उझबेकिस्तानकडे गेली. मोबदल्यात किरगिझांना दुसरीकडे तिच्याहून कितीतरी अधिक जमीन मिळाली. हिशेबाने सौदा वाईट नसेलही. परंतु ज्यांची गुरे त्या काठावर पाणी पीत होती, त्यांना विश्वासात घेतले गेले नाही, अशी तक्रार उठली. ऑक्टोबर २०२२ मध्ये या कराराला विरोध करणाऱ्या वीसहून अधिक जणांना अटक झाली. जून २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. राज्यकर्त्यांनी प्रश्न सोडविला हे खरे; पण माणसांना तुरुंगात घालून सोडविलेला प्रश्न मनात सुटलेला नसतो.

आता आपल्या उंबरठ्यावर येतो. आपला प्रश्न दोन राष्ट्रांतला नाही, एकाच राष्ट्रातील दोन राज्यांतला आहे, हे आपले भाग्य. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण एकच गोष्ट सांगत आलो : खेडे हा घटक धरा, भाषिक बहुसंख्या पाहा, भौगोलिक सलगता पाहा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोकांची इच्छा विचारा. १९६७ च्या महाजन अहवालाने आपले समाधान झाले नाही ते याचकरिता. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सोखची कथा आपल्या मागणीला बळ देते, कारण माणसांना न विचारता ओढलेली रेघ किती पिढ्या टोचते हे ती दाखविते. केम्पिर-अबादची कथाही बळ देते, कारण वरच्यावर झालेला सौदा हा लोकेच्छेचा पर्याय नव्हे.

परंतु तोक्तोगुलची कथा आपल्यालाही चार शब्द सुनावते, आणि ते ऐकण्याचे धैर्य आपल्यापाशी असले पाहिजे. पाणी आणि वीज यांना भांडणाचे हत्यार करणारा अखेर स्वतःच्याच घरात अंधार करतो. म्हादईच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र हे लवादापुढे उभे राहिले, २०१८ साली निवाडा आला, तरी वाद मिटला नाही. उद्या सीमेचा निकाल आपल्या बाजूने लागला, आणि तो लागावा म्हणूनच आपण आयुष्ये वेचली, तरी घटप्रभा आणि मलप्रभा पूर्वेकडेच वाहणार आहेत. खालच्या गावातील कानडी शेतकऱ्याचा उसाचा मळा त्याच पाण्यावर जगणार आहे. आपले भांडण त्याच्याशी नाही, त्याच्या भाषेशी नाही. ज्यांनी आपल्याला न विचारता आपली गावे वाटली, त्या कागदाशी आपले भांडण आहे. हा भेद जो विसरेल तो चळवळीचा मित्र नव्हे.

म्हणून माझे सांगणे एवढेच. सीमा लोकांना विचारून ठरू द्या, आणि ती ठरेपर्यंतही पाण्याचा पाट आणि विजेची तार यांवर हात टाकू नका. शंभर वर्षांपूर्वी आखलेली रेघ मध्य आशियात पुसून नव्याने आखता आली. मग लोकशाही म्हणविणाऱ्या एका राष्ट्राच्या अंतर्गत, १९५६ ची रेघ ब्रह्मलिखित कशी ठरते? हा प्रश्न आपण शांतपणे, सनदशीर मार्गाने, पण थकवा न येऊ देता विचारीत राहिले पाहिजे. त्यांना ती गोष्ट रक्त सांडल्यावर सुचली. आपल्या हुतात्म्यांनी आपला वाटा केव्हाच दिलेला आहे. आणखी मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

 जय महाराष्ट्र!