रीगल : एका इमारतीचे स्मरण



एखादी इमारत केवळ दगडविटांनी उभी राहत नाही. तिच्या आश्रयाने चालणारे उद्योग आणि तेथे येणारी माणसे यांच्यामुळेच तिला व्यक्तित्व प्राप्त होते. नवी दिल्लीच्या कनॉट प्लेसमधील रीगल इमारत हे याचे ठळक उदाहरण होय.

वास्तुशिल्पी वॉल्टर साइक्स जॉर्ज यांच्या आराखड्यानुसार सर सोभा सिंग यांनी ती बांधविली. १९३२ साली तेथील चित्रपटगृह सुरू झाले. त्याच्या रंगमंचावर नाटकेही होत असत. याच इमारतीत गेलॉर्ड आणि स्टँडर्ड ही उपाहारगृहे नावारूपास आली; खादी ग्रामोद्योग भवनही येथेच थाटले गेले. त्यामुळे खेळाची वेळ होईपर्यंत थांबलेला प्रेक्षक, कॉफीसाठी आलेला कारकून आणि खादीचा गिऱ्हाईक एकाच व्हरांड्यात एकमेकांस भेटत.

३० मार्च २०१७ रोजी राज कपूर यांचे ‘मेरा नाम जोकर’ आणि ‘संगम’ दाखवून चित्रपटगृह बंद झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे मादाम तुसाँचे मेणपुतळ्यांचे संग्रहालय आले. २०२० च्या महामारीत तेही बंद पडले आणि २०२२ मध्ये नोएडा येथील एका मॉलमध्ये पुन्हा उघडले.

स्तंभांचे व दर्शनी भागाचे जतन कायद्याने करता येते. परंतु द्वारपाल, वाढपी आणि दुकानदार यांच्या आठवणी कोणत्याही नकाशात आढळत नाहीत. त्या सांगणारे आहेत तोवरच त्या लिहून ठेवल्या पाहिजेत. शहराच्या इतिहासाचे ते आवश्यक प्रकरण आहे.