जुन्या जीपची सीट आणि पेडल



संयोजकांनी मला फोनवरच बजावलं होतं, "कॉम्प्युटरवर बोलू नकोस, जेवणाआधीची वेळ आहे." म्हणून बाहेर उभ्या असलेल्या जीपवर बोलते. सकाळपासून तुमच्यातल्या निम्म्यांनी तिच्यात बसून फोटो काढलेत आणि प्रत्येकाने एकच प्रश्न विचारलाय, "अगं, हिचे पार्ट मिळतात कुठे?"

ही बाबांची महिंद्रा सीजे-३बी. विलिज कंपनीने हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली काढलं. नवं इंजिन उंच होतं म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. लांबून ही जीप ओळखू येते ती त्यामुळेच. अमेरिकेत तिचं उत्पादन १९६८ साली थांबलं, पण महिंद्रा ती त्यानंतरही कित्येक वर्षं आपल्याकडे बनवत होते. आमच्या जीपने निडीहून रोह्याला नि नागोठण्याला भाताची पोती नेली, नवऱ्या नेल्या, अडलेल्या बाळंतिणी नेल्या. १९८९ च्या जुलैत अंबेला पूर आला, जांभूळपाडा वाहून गेलं, ते तुम्हालाही आठवत असेल. त्या आठवड्यात बाबा घरी फक्त झोपायला यायचे. जीपमध्ये तांदूळ, चादरी, रॉकेलचे डबे, जे मिळेल ते भरून निघायचे.

दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हरच्या सीटचा पाइप गंजून मोडला. क्लचचं पेडल तर झिजून इतकं गुळगुळीत झालं होतं की पाय सटकायचा. बाबा ७६ वर्षांचे, डावा गुडघा आखडलेला. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, देऊन टाकू." त्याचं म्हणणं मला पटत होतं. सटकणाऱ्या पायाने मुंबई-गोवा हायवे ओलांडायचा म्हणजे खेळ नाही. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला. बाबा काहीच बोलले नाहीत. जीपवर ताडपत्री टाकली आणि आत गेले. मी भावाकडे दिवाळीपर्यंतची मुदत मागितली.

आधी इंटरनेटवर शोधलं, तो माझा धंदाच. परदेशात या गाडीचं सगळं नवीन मिळतं. फिलिपिन्समध्ये तर जुन्या विलिजची अख्खी बॉडी अजून तयार होते. पण सीट म्हणजे वजनाला हलकी आणि आकाराने अवजड वस्तू. जहाजाचं भाडं नि कस्टम ड्युटी धरली की भंगारवाल्याचा भाव शहाणपणाचा वाटायला लागतो. इथल्या एका विक्रेत्याकडून 'जीपचं पेडल' मागवलं, ते भलत्याच मॉडेलचं निघालं. त्याच्या लेखी जीप म्हणजे जीप. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हर्जन चुकलं की प्रोग्राम निदान बंद तरी पडतो. इथे पार्ट ठोकून बसवतात आणि गाडी चालते, हे जास्त वाईट.

म्हणून आधी बाबांना घेऊन जीपखाली शिरले. या गाडीचं पेडल दोन तुकड्यांचं असतं. पाय ठेवायची चकती आणि तिचा दांडा वरून येतो, तो फळीतल्या भोकातून खाली जातो आणि तिथल्या लिव्हरमध्ये बोल्टने आवळला जातो. झिजली होती चकती आणि लिव्हरचं बुश. लिव्हर ठणठणीत! म्हणजे अख्खं पेडल शोधायची गरजच नव्हती.

जुनी चकती दांड्यासकट वर्तमानपत्रात गुंडाळून कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात गेले. तिथे फोटो दाखवू नका, वस्तू दाखवा. फोटो बघून सगळे "है ना" म्हणतात. वस्तू हातात घेतली की खरं सांगतात. चौथ्या दुकानात तेलकट ढिगातून जोडी निघाली, क्लच आणि ब्रेक दोन्ही, चकतीवरची नक्षी शाबूत. बुश रोह्यात लेथवर करून घेतलं. ब्रेकच्या दांड्यावर मात्र वेल्डिंगचा एक थेंब पडू दिला नाही. मिस्त्री म्हणत होते, "ताई, जुना दांडाच भरून देतो, स्वस्तात होईल." पण पायाचा सगळा जोर तिथे येतो, आणि वेल्डिंगखालची चीर वरून दिसत नाही. पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

सीट ही ती जागा. या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. लष्करी विलिजमध्ये तर पेट्रोल भरायला गादी उचलावी लागे. आपल्या गाडीत तोंड बाहेर आहे इतकंच. तेव्हा सीट गाडीत ठेवून वेल्डिंग करू देऊ नका, कुणी कितीही जुना मिस्त्री असो. आम्ही सांगाडा सोडवून धाटावला फॅब्रिकेशनवाल्याकडे नेला. मोडक्या पाइपवरूनच त्याने नवा वाकवून दिला. म्हणून मोडका टाकायचा नसतो, तोच साचा. गादी शिवली रिक्षाचे हूड शिवणाऱ्या काकांनी. ते जाड फोम घालायला निघाले होते. मी बाबांना सांगाड्यावर उशी ठेवून बसवलं, तर गुडघा स्टिअरिंगला लागला. मग पातळ फोम, खाली काथ्या, वर ताडपत्रीचं कापड. मागे दोन बोटं उतार दिला, त्यामुळे आखडलेला पाय क्लचवर सरळ जातो. कुठल्याही देशातून मागवलेल्या सीटला तो उतार नसता.

दोन्ही सीट, पेडल, बुश, मजुरी, सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत झालं.

मध्येच भावाने विंटेज नोंदणीची टूम काढली, गाडी पन्नाशीची झालीच आहे म्हणून. मी २०२१ चे नियम वाचले. तशी नोंदणी केली की गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. बाबांना शेतावर जायचं असतं. साधी नोंदणीच ठेवली.

क्लचला पाऊण-एक इंच मोकळी हालचाल ठेवून, ब्रेक तपासून, पहिली फेरी बाबांनी निडी स्टेशनपर्यंत मारली. शेजारच्या सीटवर भाऊ होता. उतरल्यावर तो म्हणाला, "हूड गळतंय, पावसाआधी बघ."

तर ते काम आता चालू आहे. सीटची मापं मी कागदावर काढून ठेवली आहेत, ज्यांना हवी त्यांनी जेवताना मागा. आणि कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या सासरी सीजे-३बी गंजत पडली असेल, तर भंगारात घालण्याआधी मला फोन करा. मला हूडच्या कमानी हव्या आहेत. बाबा मागच्या रांगेत बसलेत. भावाचं मात्र त्यांच्याशी बोलू नका, ते मागाल तेवढे देतील. माझ्याशी बोला.