समुपदेशक घडवायचा तर तालुक्यात



हे संमेलन पुण्यातल्या एखाद्या वातानुकूलित सभागृहात न घेता इथे मुळशी तालुक्यात, पौडला घेतलं, याबद्दल संयोजकांचे मी मनापासून आभार मानतो. करिअर समुपदेशन शिकवणारे आणि शिकणारे आपण बहुतेक जण चांदणी चौकाच्या अलीकडे, पुण्याच्या बाजूला राहतो. ज्या मुलांना त्याची सगळ्यात जास्त निकड आहे, त्यांतली कितीतरी पलीकडे राहतात. आज आपण पलीकडे आलो आहोत, तर माझं सगळं भाषण या पलीकडच्या बाजूविषयीच असणार आहे.

मुळशीचं नाव घेतलं की १६ एप्रिल १९२१ ची रामनवमी आठवते. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला तो त्या दिवशी. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली आणि भातशेतीवर जगणारी माणसं वाट फुटेल तिकडे गेली. नंतरच्या पिढ्यांत जमीन पुन्हा गेली, पण या वेळी पैशाच्या मोबदल्यात. हिंजवडी आणि माणला आयटी पार्क उभं राहिलं, पिरंगुटच्या आसपास कारखाने आले, डोंगरउतारांवर बंगल्यांचे प्रकल्प झाले, लवळ्याला विद्यापीठं आली. २०१८ साली प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला आणि जमीन विकलेल्या घरांतल्या पोरांचं काय झालं, हे सगळ्या महाराष्ट्रानं पडद्यावर पाहिलं. त्या चित्रपटावर चर्चा झाली ती बहुतेक गुन्हेगारीची. आपल्या व्यवसायातल्या माणसाला मात्र त्यात दुसराच प्रश्न दिसायला हवा. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं, त्या वर्षी त्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाशी ‘आता तू पुढे काय करशील’ हे निवांत बसून बोलणारं कुणी होतं का? तलाठी भेटला, एजंट भेटला, गाडीच्या शोरूममधला माणूस भेटला. आपण भेटलो नाही.

आपला व्यवसाय काही कालपरवाचा नाही. बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली व्यवसाय मार्गदर्शनाचं पहिलं कार्यालय उघडलं आणि त्याच वर्षी ते वारले. त्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. स्वतःला ओळखा, कामाचं जग ओळखा आणि या दोहोंची सांगड विचारपूर्वक घाला, ही त्यांची मांडणी आजही आपल्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या प्रकरणात असते. आपल्याकडे १९३८ मध्ये कलकत्ता विद्यापीठात सुरुवात झाली. १९४१ मध्ये मुंबईत बाटलीबॉय यांचं केंद्र निघालं, १९४७ मध्ये पारशी पंचायतीचं, आणि १९५० मध्ये खुद्द मुंबई सरकारनं व्यवसाय मार्गदर्शनाचा विभाग काढला. पुढे त्याचीच संस्था झाली. शाळेतल्या शिक्षकांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन ‘करिअर मास्तर’ तयार करण्याचं काम तिनं केलं. याचा अर्थ, स्वातंत्र्याच्या सुमारास या कामात मुंबई राज्य देशातल्या आघाडीच्या राज्यांत होतं. आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं तर किमान व्यवस्था म्हणून दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक सुचवला होता. दहा शाळांना एक! मागणं इतकं साधं होतं. आज या सभागृहात बसलेल्या मुख्याध्यापकांपैकी किती जणांच्या शाळेत असा फिरता समुपदेशक नेमानं येतो, हे त्यांनीच मनाशी ठरवावं.

माणसं नाहीत म्हणून येत नाही, असं उत्तर मिळतं. ते अर्धंच खरं आहे. मानसशास्त्रात एम.ए. झालेले तरुण-तरुणी दरवर्षी बाहेर पडतात. समुपदेशनाच्या पदव्युत्तर पदविका निघाल्या आहेत, शनिवार-रविवारचे वर्ग चालतात. प्रश्न संख्येचा आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न त्यांना काय शिकवलं जातं आणि कुठे शिकवलं जातं, हा आहे.

एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम मला आराखडा म्हणून नेहमीच शहाणा वाटत आला आहे. त्याच्या वर्षभराच्या रचनेत सहा महिने घरी राहून अभ्यास, तीन महिने केंद्रावर प्रत्यक्ष वर्ग आणि शेवटचे तीन महिने आपल्याच गावी परत येऊन इंटर्नशिप असते. महाराष्ट्रासाठी त्याचं केंद्र भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत आहे. या आराखड्यातला शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण शिकलेलं घेऊन माणूस आपल्याच मुलांसमोर बसतो. आपल्याकडच्या अनेक खासगी वर्गांत नेमका हाच भाग गळतो. मानसशास्त्रज्ञ हॉलंड यांचे सहा व्यक्तिप्रकार आणि सुपर यांच्या जीवनावस्था तोंडपाठ होतात, चार-दोन कसोट्यांचे गुण मोजून दाखवले जातात, एकमेकांवरच मुलाखतीचा सराव होतो आणि प्रमाणपत्र मिळतं. समोर खरं मूल, बाजूला त्याची आई, मागच्या खुर्चीवर अनुभवी पर्यवेक्षक आणि नंतर तासभर त्या भेटीची चिरफाड, हे कितीजणांच्या वाट्याला येतं? वैद्यकीय शिक्षणातलं इंटर्नशिपचं सक्तीचं वर्ष काढून टाकलं, तर डॉक्टरच्या हाती आपण रुग्ण देऊ का?

एक उदाहरण जरा जवळून पाहू. कोळवण खोऱ्याच्या बाजूची एक मुलगी, दहावीला चांगले गुण मिळालेली. तिचं म्हणणं एवढंच: “सर, मला सिस्टर व्हायचंय.” अभिरुची कसोटीत तिचा कल आरोग्यक्षेत्राकडे स्पष्ट दिसत होता. नुकती पदविका झालेली समुपदेशक तिला म्हणाली, “छान, मग नर्सिंग कर.” कसोटीच्या हिशेबानं उत्तर बरोबर. पण घराजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात फक्त कला शाखा होती. विज्ञानाला जायचं तर रोजची एसटी, आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर घरी कसं पोचायचं, हा प्रश्न. आई म्हणत होती, “आर्ट्सलाच घालू, नर्सिंगला काय, बारावी झालं की झालं.” इथे समुपदेशकाला माहीत हवं की बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. कला शाखेतून जीएनएमचा तीन वर्षांचा आणि एएनएमचा दोन वर्षांचा रस्ता उघडा राहतो, चार वर्षांच्या पदवीचा बंद होतो. अकरावीचा फॉर्म भरताना घेतलेली साइड हा त्या मुलीच्या आयुष्यातला मोठा निर्णय होता आणि तो एसटीच्या वेळापत्रकावर ठरत होता. मग वसतिगृह मिळेल का, शिष्यवृत्ती कोणती, जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्राचा अर्ज कधी टाकायचा, नॉन-क्रिमीलेयर कुठे मिळतं, असे सगळे प्रश्न टेबलावर आले. आईशी बोलताना सगळ्यात आधी गाडीचं बोलावं लागलं. नर्सिंगचं बोलणं नंतर झालं. यातलं काहीही त्या समुपदेशक मुलीच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. तिचा दोष नव्हता, ती हुशार होती. तिला कोणी कोळवणला नेलंच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. करिअर समुपदेशकाच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचा निदान निम्मा काळ वर्गाबाहेर, पर्यवेक्षणाखाली आणि मुळशीसारख्या तालुक्यात गेला पाहिजे. असा तालुका शोधून सापडायचा नाही. एका टोकाला आयटी कंपन्या, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या वाटेवरच्या वस्त्या. मधे कारखाने, रोपवाटिका, हॉटेलं, भातखाचरं. कातकरी वाडीतलं पहिल्यांदाच दहावीला बसलेलं मूल आणि हिंजवडीच्या सोसायटीतलं, आठवीपासून जेईईच्या क्लासला जाणारं मूल, दोघं एकाच तालुक्यातली. ज्याला या दोघांशी बोलता येईल, त्याला महाराष्ट्रात कुठेही बोलता येईल.

प्रशिक्षणार्थीनं कामाचं जग इथे डोळ्यांनी पाहावं. पिरंगुटच्या एखाद्या शेडमध्ये सकाळच्या पाळीला जाऊन सीएनसी ऑपरेटर नेमकं काय करतो, क्वालिटीचा मुलगा व्हर्नियर हातात धरून दिवसभर काय मोजतो, आयटीआय झालेल्याला आणि न झालेल्याला तिथे काय फरक पडतो, हे पाहावं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतन घेत शिकता येतं, हे कितीतरी घरांना ठाऊक नसतं. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय, तिथून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेतून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आयटीआयला गेलेल्या मुलाचं शिक्षण तिथेच संपलं असं कुणी समजू नये. हे बापाला पटेल अशा शब्दांत सांगणं हे कौशल्य आहे आणि ते सरावानं येतं. हिंजवडीतही सगळं काम संगणकासमोर बसूनच होत नाही. इमारतींची देखभाल, विद्युत यंत्रणा, वातानुकूलन, स्वयंपाकघरं, वाहतूक यांत शिकलेली माणसं लागतात. ज्यांच्या जमिनीवर ते पार्क उभं आहे, त्यांच्या मुलांना तिथे फक्त सुरक्षारक्षकाची वर्दी आणि पाण्याचा टँकर दिसावा, हे मला सहन होत नाही.

कसोट्यांविषयी बोललंच पाहिजे. कसोट्या मी मानतो. राज्य मंडळानं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. कृषी, ललित कला, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा, अशा सात क्षेत्रांत मुलाचा कल कुठे आहे, हे त्यातून कळायचं. लाखो मुलांपर्यंत पोचलेला तो मोठा प्रयत्न होता. उणीव होती ती अहवाल समोर घेऊन मुलाशी बोलणाऱ्या माणसाची. कागद कपाटात गेला. दुसरी गोष्ट मानकांची, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून पाहायचे त्या आकड्यांची. समजा, आकडेमोडीच्या कसोटीत चाळीसपैकी बावीस गुण पडले. मानकं मोठ्या शहरातल्या इंग्रजी शाळांतल्या मुलांवर बेतलेली असतील, तर हेच बावीस पस्तिसाव्या शतमकावर बसू शकतात. मराठी माध्यमाच्या ग्रामीण मुलांवर बेतलेली असतील, तर साठाव्या शतमकावर जातील. मूल तेच, गुण तेच, आणि एका अहवालात ‘गणित टाळा’, दुसऱ्यात ‘गणितात गती आहे’. ज्याला हे कळत नाही, त्याच्या हाती कसोटी देऊ नये. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत डॉ. उषा खिरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिलफर्डच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर मराठी मुलांसाठी कसोट्या रचल्या, हे काम किती चिवटपणाचं होतं हे पदविकेच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं अभ्यासावं.

आणि बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगणाऱ्या चाचण्यांविषयी मी इथे उघडपणे बोलतो. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं त्यांना शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलेलं आहे. तरीही गावोगावच्या शाळांत त्यांचे स्टॉल लागतात, पालक हजारो रुपये मोजतात. आपल्याकडे करिअर समुपदेशक अशी पाटी लावायला कायद्यानं कसलीच नोंदणी लागत नाही. त्यामुळे पालकांना खरा-खोटा कळणार कसा? जोवर नोंदणी नाही, तोवर आपलं प्रशिक्षण हीच त्यांची एकमेव हमी आहे, आणि म्हणून ते ढिलं असून चालणार नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं सांगितलं. त्यामागे विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची चिंता होती. म्हणजे संस्था आता माणसं शोधणार. घाईघाईनं पदं भरली जातील आणि मानसिक आरोग्याचं व करिअरचं काम एकाच खुर्चीवर टाकलं जाईल. मुलाच्या मनात ही दोन्ही एकमेकांत गुंतलेलीच असतात, हे खरं. नापास होण्याची धास्ती आणि पुढे काय, हे एकाच रात्री त्याला जागं ठेवतात. पण काम करणाऱ्याला दोन्हींचं शिक्षण हवं आणि आपलं काम कुठे संपतं, कुणाकडे पाठवायचं, हेही कळायला हवं.

मुळशीतल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. दहावीचा निकाल लागल्यावर मार्गदर्शनाचं व्याख्यान ठेवू नका. तेव्हा फॉर्म भरण्याची घाई असते आणि ऐकायला कुणी मोकळं नसतं. नववीच्या दिवाळीनंतर आम्हाला बोलवा, पालकांसह बोलवा, भात काढून झाल्यावर बोलवा. आणि पदविका चालवणाऱ्या संस्थांना विनंती अशी की, येत्या जूनपासून आपले विद्यार्थी दोघा-दोघांच्या जोडीनं दहा शाळांच्या गटाला एक वर्षभर जोडून द्या. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च शुल्कात धरा, शाळेकडून मागू नका. पर्यवेक्षक म्हणून इथल्या अनुभवी समुपदेशकांनी महिन्यातले दोन दिवस द्यावेत. ज्या मुलांशी बोललो, ती पाच वर्षांनी कुठे पोचली याची नोंद ठेवायची पद्धत या वर्षापासूनच घालावी, कारण आपला सल्ला कितपत उपयोगी पडला हे पाहायला आपल्याकडे आज दुसरं साधन नाही.

ज्या शाळांना असा गट हवा आहे त्यांनी, आणि ज्या समुपदेशकांना पर्यवेक्षणाचे दोन दिवस देता येतील त्यांनी, जेवणाच्या सुट्टीत दाराशेजारच्या टेबलावर नावं लिहावीत. वहीत पहिलं नाव मी सकाळीच लिहिलं आहे.